तीन वर्षं बांगडा सोडला, तो उगाचच

प्रति,
मा. संपादक,

सा. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या आरोग्य पुरवणीत सीटी स्कॅनवर लेख आला होता. लेख चांगला होता, सोप्या भाषेत होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजारी "ही काळजी घ्या" म्हणून जी चौकट टाकलीय ना, त्यातलं तिसरं वाक्य वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. "मासे, कोलंबी, खेकडे यांची किंवा आयोडीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी काँट्रास्ट इंजेक्शन घेऊ नये." हे कोणी लिहिलं ते माहीत नाही, पण ज्यांनी लिहिलं त्यांनी चांगल्या मनानेच लिहिलं असणार, आणि म्हणूनच हे पत्र रागाने न लिहिता जमेल तसं नीट लिहायचा प्रयत्न करतेय. मी डॉक्टर नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे, पण या एका विषयात माझं शरीर, माझे पैसे आणि तीन वर्षांचे मासे गेलेत, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं धरून चालते.

आमच्या वाडीत एक काका आहेत, त्यांना कोलंबी चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नाही, खाल्ली की ओठ सुजतात आणि अंगभर गांध्या उठतात, लहानपणापासून. छातीत दुखतंय म्हणून येत्या गुरुवारी त्यांची अँजिओग्राफी ठरलीय आणि अँजिओग्राफीला पण हेच काँट्रास्ट वापरतात, हेच म्हणजे फोटोत आतलं ठळक दिसावं म्हणून सीटीला शिरेतून देतात तेच आयोडीनवालं औषध. काकांनी तुमची चौकट कात्रीने कापून खिशात ठेवली आणि मुलाला सांगून टाकलं, "पेपरात इलाहा, मी काय जावचंय नाय." मुलगा मुंबईहून रजा काढून आलाय, तो डोकं धरून बसलाय. म्हणून हे पत्र आजच पोस्टात टाकतेय, शिवाय तुमच्या ईमेलवर पण नातीकडून टाईप करून घेऊन पाठवतेय.

आता माझं सांगते. डिसेंबर २०२१. पोटात कळा येत होत्या, सोनोग्राफीत नीट दिसेना, म्हणून जिल्ह्यातल्याच एका सेंटरवर काँट्रास्ट सीटी करायला गेलो. (सेंटरचं नाव लिहीत नाही, त्यांनी त्या दिवशी माझा जीव वाचवला, भांडण त्यांच्या हाताशी नाहीच, त्यांच्या कागदाशी आहे.) यांच्या हातात चिठ्ठी दिली, काँट्रास्ट खालच्या मेडिकलमधून आणा, यांनी आणलं, बिल फाईलला लावलं. यांना एसटीच्या अकाउंटमधली सवय, रिक्षाची पावती मिळाली असती तर ती पण लावली असती. हे बिल लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. मग एक इंग्रजी फॉर्म, सही करा, सगळेच करतात, केली. मग सिस्टरने हातावर थोडंसं औषध टोचून टेस्ट घेतली, पंधरा मिनिटं बसवलं, काही लाल झालं नाही, म्हणाल्या काकू एकदम ओके आहात तुम्ही.

टेबलावर झोपवलं, कोपराच्या घडीतल्या शिरेत सुई, तिला नळी, नळी मशीनला. काँट्रास्ट आत गेलं तसं घशापासून खालपर्यंत गरम गरम ओतल्यासारखं झालं, तोंडात पैसा चघळल्यासारखी चव, आणि लघवी झाली की काय असं वाटलं, ते त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, ते सगळ्यांनाच होतं, ती ॲलर्जी नव्हे. पण मिनिटभरात तळहात खाजायला लागले. मग दोन शिंका. मग घशात काहीतरी अडकल्यासारखं, माशाचा काटा अडकतो तसं, पण काटा गिळता येतो, हे गिळता येईना. माइकवरून आवाज येत होता, श्वास घ्या, धरा, सोडा, आणि मला घेताच येत नव्हता तर धरणार काय. हात वर केला एवढं आठवतं. नंतर यांनी सांगितलं की बीपी सत्तरवर आलेलं, पापण्या सुजून डोळे मिटलेले, आणि आतून मुलगा पळत आला आणि मांडीत इंजेक्शन दिलं, पाय वर केले, ऑक्सिजन लावला, सलाईन धो धो सोडलं. ते मांडीतलं इंजेक्शन म्हणजे ॲड्रेनलिन, अर्धा मिली वगैरे असतं, आणि ते वेळेत मिळणं हीच खरी ट्रीटमेंट, बाकी एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉईड) हे मागून येणारे पाहुणे, हे मला नंतर कळलं. दहा मिनिटांत आवाज परत आला. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी घरी.

इथपर्यंत सगळ्यांनी चोख काम केलं, आणि मग डिस्चार्ज कार्डावर कोणीतरी लाल पेनाने दोन शब्द लिहिले, "आयोडीन ॲलर्जी". औषधाचं नाव नाही, किती दिलं ते नाही, काय झालं ते नाही. आणि एका अगदी पोरसवदा डॉक्टरने जाता जाता सांगितलं, मावशी आता मासे-बिसे बंद बरं का, त्यात आयोडीन असतं.

संपादक साहेब, तुम्ही कुठले माहीत नाही, पण मालवण तालुक्यातल्या बाईला मासे बंद म्हणजे काय ते समजून घ्या. आमच्याकडे दुखणं आलं की पथ्य म्हणून सुद्धा मोरी माशाचं सार देतात. जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माशे नाय तर तू जेवतस तरी काय गो?" मी खरंच तीन वर्षं जेवले नाही असंच म्हणा, कुळथाची पिठी आणि भात, भात आणि कुळथाची पिठी. यांना आणि मुलांना बांगडे तळून द्यायचे आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसायचं. एवढ्यावर भागलं नाही. पुड्यावर आयोडाइज्ड लिहिलेलं असतं म्हणून घरातलं मीठ बदललं, शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ आणून वापरायला लागलो, आणि ते काय एकट्या माझ्या ताटात पडतं का, सगळं घर तेच खायला लागलं. नारळ सोलताना बोट कापलं तर दवाखान्यातला कंपाउंडर बेटाडिन लावायला तयार होईना, कार्ड बघून म्हणाला नको रे बाबा, आणि स्पिरिट ओतलं, डोळ्यासमोर तारे चमकले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण २०२४ च्या पावसाळ्यात परत सोनोग्राफी झाली आणि डाव्या किडनीवर गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले काँट्रास्ट सीटी करा, त्याशिवाय गाठ कसली आहे ते कळणार नाही. सेंटरने कार्ड बघितलं, लाल अक्षरं बघितली, आणि नाही म्हणाले. दुसऱ्या सेंटरने साधा सीटी केला, पैसे घेतले, रिपोर्टात लिहिलं की काँट्रास्टशिवाय नक्की सांगता येत नाही, जे आम्हाला आधीच माहीत होतं. मग एमआरआय सुचवला, तर तिथेही काँट्रास्ट ॲलर्जी ऐकून हात वर केले. आता गंमत बघा, एमआरआयच्या काँट्रास्टमध्ये आयोडीनचा कण नसतो, त्यात गॅडोलिनियम नावाचा वेगळाच धातू असतो, कुळ वेगळं, गोत्र वेगळं, पण काँट्रास्ट हा शब्द एकच म्हणून तिथेही दार बंद. यात सात आठवडे गेले. किडनीवर गाठ आहे आणि ती कसली ते माहीत नाही असे सात आठवडे कसे जातात ते लिहीत नाही.

आमच्याकडे अडलं की एक तर बांबोळी (गोव्यातलं मोठं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर कोल्हापूर. मुलाच्या ओळखीने कोल्हापूरला एका रेडिऑलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी कार्ड बघितलं, चष्मा काढला आणि विचारलं, काकू, तुम्हाला मासे खाऊन कधी काही झालं होतं का? मी म्हटलं जन्मल्यापासून खातेय, कधीच नाही. मग म्हणाल्या, सोडले कशाला? मी म्हटलं आयोडीन. तर त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, त्यांनी कागद घेतला आणि समजावून सांगितलं, ते मी शाळेत फळ्यावर लिहावं तसं लिहिते.

आयोडीन हे मूलद्रव्य आहे, आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी त्याच्यावरच चालते, ते अंगात नसलेला माणूस जिवंत सापडणार नाही, तेव्हा नुसत्या आयोडीनची ॲलर्जी ही गोष्टच नाही. कोलंबीची ॲलर्जी असते ती कोलंबीच्या स्नायूतल्या एका प्रथिनाची, ट्रोपोमायोसिन त्याचं नाव, आणि माशाची असते ती बहुतेक वेळा पार्वाल्ब्युमिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची. यातलं एकही काँट्रास्टमध्ये नसतं. बेटाडिनने कातडी लाल झाली तर ते तिसरंच प्रकरण. म्हणजे मासे, बेटाडिन आणि सीटीचं औषध या तिघांमध्ये आयोडीन आहे एवढंच, आमच्या वाडीत तिघांचं आडनाव एक म्हणून एकाने केलेलं कर्ज दुसऱ्याकडून वसूल करत नाहीत.

मग मला जे झालं ते काय होतं? ते खरंच होतं, पण ते त्या औषधाच्या अख्ख्या रेणूमुळे. आपल्या कातडीत, घशात, फुप्फुसात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात खाज-सूज आणणारं हिस्टमिन भरून ठेवलेलं असतं, आणि काही लोकांच्या या पेशी काँट्रास्ट लागलं की एकदम फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. म्हणून पहिल्यांदाच घेतलं तरी रिॲक्शन येऊ शकते, मला तोच प्रश्न पडला होता की मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं तर ॲलर्जी आली कुठून. आणि म्हणूनच ती हातावरची टेस्ट बिनकामाची. थोड्या थेंबांना काही झालं नाही म्हणून शंभर मिलीला होणार नाही असं नसतं, आणि उलट टेस्टच्या थेंबांनीही मोठी रिॲक्शन येऊ शकते. जगभरातल्या रेडिऑलॉजीच्या संस्था ही आधीची टेस्ट करू नका म्हणतात, आपल्याकडे काही ठिकाणी अजून चालूच आहे कारण पेशंटला बरं वाटतं. (एकदा रिॲक्शन येऊन गेल्यावर ॲलर्जीचे डॉक्टर कुठलं औषध चालेल हे शोधायला कातडीवर तपासणी करतात ती वेगळी, तिचा उपयोग असतो.)

शंभर मिलीवरून आठवलं. घरी आल्यावर मी हिशोब मांडला, जन्मभर गणित शिकवलंय. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. काँट्रास्टच्या बाटलीवर ३०० लिहिलेलं असेल तर एका मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे १०० मिलीत ३० ग्रॅम. भागाकार केला तर दोन लाख दिवसांचं, म्हणजे जवळपास साडेपाचशे वर्षांचं आयोडीन एका मिनिटात शिरेत. बहुतेक सगळं रेणूला घट्ट बांधलेलं असतं आणि लघवीवाटे निघून जातं, थोडं सुटं असतं म्हणून थायरॉईड वाढलेल्यांनी मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं, पण तो ॲलर्जीचा विषय नव्हे. आणि या साडेपाचशे वर्षांपुढे मी आमटीतलं चिमूटभर मीठ बदलत बसले होते. खरं तर २००६ पासून देशभर खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे ती गलगंड होऊ नये म्हणून, आणि मी शिकलेली बाई, शाळेत मुलांना हा धडा शिकवणारी, घरात उलटं करत होते कारण कार्डावर लाल अक्षरात लिहिलं होतं.

हा माशांचा गैरसमज डॉक्टरांच्यात पण आहे, आणि जुना आहे. १९७० च्या दशकात एक मोठी पाहणी झाली होती, त्यात माशांची ॲलर्जी सांगणाऱ्या लोकांना काँट्रास्टची रिॲक्शन थोडी जास्त दिसली, लोकांनी तेवढंच उचललं. पण त्याच पाहणीत दूध आणि अंड्यांची ॲलर्जी असलेल्यांना पण जवळपास तशीच दिसली होती. म्हणजे ज्याला कसलीही ॲलर्जी आहे, दमा आहे, त्याला धोका थोडा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. मग चौकटीत दूध पिणाऱ्यांनी काँट्रास्ट घेऊ नये असं का नाही लिहिलं? सगळ्यात जास्त धोका कोणाला, तर ज्याला आधी याच प्रकारच्या काँट्रास्टने रिॲक्शन आली होती त्याला, म्हणजे मला. आमच्या काकांना नाही. काकांनी डॉक्टरांना कोलंबीचं सांगावं, जरूर सांगावं, आणि अँजिओग्राफी करून घ्यावी.

आणि हे पण लिहायला पाहिजे की मला झालं तसं होणं अगदी क्वचित. जपानमधल्या डॉक्टरांनी तीन लाख सदतीस हजारांवर पेशंट बघून १९९० साली आकडे छापले. जुन्या पद्धतीच्या, आयॉनिक म्हणतात त्या काँट्रास्टने शंभरात बारा-तेरा जणांना काही ना काही त्रास झाला होता, नव्या नॉन-आयॉनिकने तीन जणांना, आणि गंभीर म्हणाल तर जुन्याने दहा हजारांत २२ आणि नव्याने दहा हजारांत ४. आज सीटीला वापरतात ते बहुतेक नवंच. माझ्या वडिलांची मुतखड्यासाठी आयव्हीपी (काँट्रास्ट देऊन काढतात तो किडनीचा एक्स-रे) झाली होती जुन्या काळी, ते बिचारे टेबलावरच उलट्या करत होते आणि सगळे म्हणत होते होतंच तसं. पाण्याला खारेपणा असतो तशी त्या जुन्या औषधाची तीव्रता रक्ताच्या पाच-सहा पट असायची, म्हणून शिरेत आग व्हायची. नवं औषध ज्यांच्या डोक्यातून निघालं ते स्वीडनचे रेडिऑलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन, १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ही कल्पना मांडली. असं सांगतात की ते समुद्रात पोहायचे आणि त्यांच्या लक्षात आलं की एका किनाऱ्याला खारं पाणी डोळ्यात गेलं की झोंबतं आणि बाल्टिकच्या बाजूला पाणी मचूळ आहे तिथे तेवढं झोंबत नाही, तर शिरेत पण तसंच होत असणार. हे डॉक्टर बाईंनी सांगितलं तेव्हा मला एवढा आनंद झाला, कारण हे तर आमच्याकडचं कुठलंही पोर सांगेल, खाडीत डोळे उघडून बुडी मारता येते, दर्यात नाही. फक्त त्या पोराला पुढे कोणी शिरेबद्दल विचारत नाही.

तर मुद्द्यावर येते. डॉक्टर बाईंनी विचारलं, तेव्हा दिलेलं औषध कुठलं होतं? कारण काँट्रास्ट हे एक औषध नाही, आयोहेक्सॉल, आयोपॅमिडॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल अशी भावंडं आहेत, आयोडीन सगळ्यांत आहे पण रेणूच्या बाजूच्या फांद्या वेगळ्या. एकाने त्रास झाला तर दुसरं द्यायचं, हा आता पहिला उपाय मानतात. पण पहिलं कुठलं ते माहीत नसेल तर दुसरं कुठलं देणार? त्यांनी जुन्या सेंटरला फोन लावला. तिथे स्टाफ बदललेला, रजिस्टरमध्ये "काँट्रास्ट सीटी ॲबडोमेन" एवढंच. मी कार्ड पालथं घातलं, काही नाही. आणि मग आमच्या ह्यांनी, जे तोवर कोपऱ्यात गप्प बसले होते, पिशवीतून फाईल काढली, डिसेंबर २०२१ चा कप्पा उघडला आणि मेडिकलचं बिल टेबलावर ठेवलं. औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर, सगळं. तीन वर्षं मी त्या फाईलवरून यांची चेष्टा केली होती, ती त्या दिवशी थांबली.

औषध कुठलं ते इथे लिहीत नाही, उगाच दुसऱ्या कोणाला भीती बसायची, ते हजारो लोकांना रोज चालतं. मला त्याच्या बदल्यात दुसरं द्यायचं ठरलं, आणि आधीची रिॲक्शन मोठी होती म्हणून गोळ्या पण. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी ५० मिलिग्रॅम, तपासणीच्या १३ तास आधी, ७ तास आधी आणि १ तास आधी, सोबत तासभर आधी ॲलर्जीचं औषध. सकाळी अकराला नंबर होता म्हणजे रात्री दहा, पहाटे चार आणि सकाळी दहा. लॉजवर चारचा अलार्म लावून गोळी घेतली आणि परत झोप कसली लागते. शुगर आहे मला, त्या गोळ्यांनी ती तीनशेच्या वर गेली, ते त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि हेही स्पष्ट सांगितलं की गोळ्या घेऊनसुद्धा रिॲक्शन येऊ शकते, त्यामुळे माणसं आणि ॲड्रेनलिन बाजूला तयार ठेवूनच करायचं, हवं तर अजून नाही म्हणा. मी हो म्हटलं.

गरम वाटलं, पैशाची चव आली, तळहातांकडे बघत राहिले. खाजले नाहीत. त्यांनी सुई काढली नाही, अर्धा तास तशीच ठेवून बाहेर बाकावर बसवलं, कारण मोठ्या रिॲक्शन बहुतेक पहिल्या वीस-तीस मिनिटांतच येतात आणि तेव्हा शीर शोधत बसायला वेळ नसतो. पुढच्या आठवडाभरात अंगावर पुरळ आलं तर फोन करा असंही सांगितलं, तशी उशिरा येणारी पण असते. आली नाही. गाठ साधी निघाली, वर्षातून एकदा बघायची. त्याच आयोडीनचे तेवढेच ग्रॅम परत अंगात गेले आणि काही झालं नाही. मी लगेच म्हटलं बघा, आयोडीन निर्दोष सुटलं, तर डॉक्टर बाई म्हणाल्या काकू, गोळ्या पण घेतल्या होत्या तुम्ही, एवढ्यावर निकाल लावू नका. बरोबर आहे. पण मासे मी त्याच दिवशी सुरू केले, त्यांना विचारूनच.

आता चौकटीबद्दल. ते तिसरं वाक्य कृपया दुरुस्त करून परत छापा, आणि आतल्या पानावर कोपऱ्यात नको, होतं त्याच जागी. त्याऐवजी काय लिहायचं ते तुमचे डॉक्टर लेखक ठरवतील, पण माझ्यासारखीला जे कुणी आधी सांगायला हवं होतं ते असं, की आधी कधी काँट्रास्ट घेतलंय का, तेव्हा काय झालं, किती मिनिटांत झालं, दमा आहे का, हे सेंटरवाल्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगा. फॉर्म मराठीत मागा, नसेल तर वाचून दाखवायला सांगा, मागे दहा नंबर थांबलेत म्हणून लाजू नका. झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा, रिक्षा थांबलीय म्हणून सुई उपटून पळू नका, आमच्याकडे हे फार होतं, शेवटची एसटी चुकेल म्हणून.

आणि सेंटरवाल्यांना, जे कोणी वाचत असतील त्यांना, एकच मागणं. कोणाला रिॲक्शन आली तर कार्डावर "आयोडीन ॲलर्जी" लिहू नका हो. औषधाचं नाव लिहा, कंपनीचं आणि आतल्या औषधाचं दोन्ही, किती मिली गेलं, किती वेळाने काय झालं, घसा सुजला की नुसतं पित्त उठलं की फक्त उलटी झाली, आणि काय दिल्यावर बरं वाटलं. नुसती उलटी आणि गरम वाटणं हे सुद्धा काही ठिकाणी ॲलर्जी म्हणून लिहितात आणि मग तो माणूस जन्मभर ते ओझं घेऊन फिरतो. लिहायला दोन मिनिटं लागतात, पत्नीच्या आजारपणाची मेडिकल बिलं वर्षवार लावून ठेवणारा नवरा प्रत्येकीला मिळतोच असं नाही. शिवाय अशी रिॲक्शन सरकारला कळवता येते, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे हे काम आहे, आणि ते फक्त डॉक्टरांनीच कळवायचं असं नाही, पेशंट पण कळवू शकतो, मराठीत फॉर्म आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. मी तीन वर्षं उशिरा कळवलं, पण कळवलं. बिल होतं म्हणून बॅच नंबर पण देता आला.

माझ्या पाकिटात आता एक कार्ड असतं, लॅमिनेट केलेलं, कोल्हापूरच्या डॉक्टर बाईंनी सही शिक्का मारून दिलेलं. कुठलं औषध नको, कुठलं चाललं, कसल्या गोळ्या घेऊन चाललं, तारखा. पाठीमागे त्यांनी हाताने लिहिलंय, "मासे, मीठ, बेटाडिन चालेल." हे कार्ड मी वाडीतल्या काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, मग खिशातून तुमची चौकट काढली, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आणि म्हणाले, छापलेला खरा की हातान लिवलेला खरा?

त्यांना उत्तर तुम्ही द्या. गुरुवारच्या आत दिलंत तर बरं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : छापताना पत्र कापावं लागलं तर माशांचा भाग कापा, यांच्या बिलाचा भाग ठेवा, ते पेपर विकत घेणार आहेत.